कापसाच्या खोलीची कडी

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. विषय जवळ आला की मी कापसाच्या भावाकडे वळायचो, आणि ऐकणारेही वळायचे.

धरणगावला आमच्या घरात मधली खोली कापसाची होती. दिवाळीनंतर वेचलेला कापूस तिथे पडायचा आणि चांगला भाव येईपर्यंत आढ्याला टेकायचा. पोरांना त्यावर नाचायला सोडायचे, म्हणजे तो दबतो आणि आणखी मावतो. माझी मुलगीही नाचायची. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली. मग ती तासन्‌तास रडायची, जेवायची नाही. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, याचा मला अभिमान होता. मी तिला त्या खोलीत सोडून बाहेरून कडी लावायचो.

शेजारच्या अक्का ओट्यावरून ओरडायच्या, "भाऊ, पोर रडी राहिनी. कडी काढ."

"कापूसच शे तठे, अक्का. काय लागस तिले?"

"तुले कोंडू का कापूसमा? मग सांग, मऊ शे का ते."

मी हसायचो. थोड्या वेळाने रडणं थांबायचं. ती शांत झाली, असं मी समजायचो. असे दोन-तीन हंगाम गेले. पुढे ती रडेनाशीच झाली आणि मला वाटलं, मिटलं.

आता ती धुळ्याला असते, पन्नाशीला आली आहे. रक्तदाबाची गोळी तिशीतच सुरू झाली. झोप नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. जिना चढते आणि धापा टाकते. जळगावच्या डॉक्टरांनी तिला लहानपणाबद्दल विचारलं, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. सगळं त्यामुळेच होतं असं नाही, पण लहानपणीची भीती अंगात मुरते, असं ते म्हणाले.

ती लगेच म्हणाली, "माझं लहानपण चांगलं गेलं, डॉक्टर. नानांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही."

मीही मान डोलावली.

गेल्या महिन्यात मुद्दाम बोलायला धुळ्याला गेलो. ती न्हाणीघरातून बाहेर आली. दार मिटू नये म्हणून तिने फटीत चप्पल अडकवली होती.

"कडी लावत नाहीस?" मी विचारलं.

"माझं असंच असतं, नाना. आल्या आल्या पंचनामा नको. चहा टाकते."

ती गॅसपाशी पाठमोरी उभी होती. माझं चुकलं, बाई, एवढंच म्हणायचं होतं.

"साखर कमी टाक," मी म्हणालो.