बॅटरीवरचा पंखा

काळी पडलेली ती स्क्रीन मला अजून दिसते. उमरग्याच्या स्टँडवरून चार वर्षांची मुलगी हरवून तास झाला होता. ऐन उन्हाळा. पोरगी समोरच्या कापड दुकानाकडे गेली, अशी खबर फुलवालीनं दिली. दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं, पोरीचा लाल झगा दिसला आणि लाईट गेली. लाईट गेल्यावर कंप्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा दोनदा ओरडला आणि कंप्युटरही बंद पडला. पोरीची आई पायरीवर बसून आमच्या तोंडाकडं बघत होती.

मी सातवी शिकलेली, नवऱ्याच्या जागेवर लागलेली हवालदार. पण ठाण्यातल्या कंप्युटरची देखभाल माझ्याकडंच होती.

"बॅटरीवर काय काय लावलंय?" मी दुकानदाराला विचारलं.

"कंप्युटरच की, बाई."

"खरं बोला."

"खरंच बोलतोय."

डब्यातून निघालेली दुसरी वायर धरून मी मागं गेले. पडद्याआड त्याचे वडील खाटेवर पडलेले, उशाला पंखा.

"अप्पाला लई उकडतं हो. सकाळपासनं लाईट ये-जा करतीय."

"मग अप्पालाच विचारा, पोरगी कुठं गेली."

"मला न्हाय ठावं," अप्पा खाटेवरून म्हणाले. "मी झोपलो होतो."

ठाण्यातल्या डब्यावर पंखा लावायला मी कुणालाच देत नसे. साहेबांनाही नाही, ते महिनाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. त्यामुळं तो कायम भरलेला असायचा. शिपायानं तो मोटरसायकलवरून आणला. दुकानाचा कंप्युटर त्याला जोडला, सुरू झाला.

चित्रणात दिसलं, पोरगी उभ्या जीपमध्ये मागून चढली होती. ड्रायव्हरनं न बघता दार लावलं आणि गाडी नेली. हिरव्या ताडपत्रीवरून मी जीप ओळखली, लोहाऱ्याच्या फेऱ्या मारणारी. त्याच्या घरी पोचलो, तर ड्रायव्हर जेवून झोपला होता. जीप दारात उन्हात, काचा बंद. दार उघडलं तेव्हा पोरगी निपचित पडलेली, अंग तव्यासारखं तापलेलं.

आता ठाण्यात मोठा इन्व्हर्टर आहे. तो जुना डबा भंगारात गेला. निवृत्त होताना मागून घ्यायला हवा होता, राहून गेलं.

चोर खोटं बोलतात, हे नोकरीनं आधीच शिकवलं होतं. चांगली माणसं घरच्यांच्या आरामासाठी त्याहून सहज खोटं बोलतात, हे त्या दुपारी कळलं. पुढं कुणाचंही उत्तर ऐकून घेतलं, तरी वायर कुठं जाते ते मी स्वतः बघितलं.

पोरगी चार दिवस दवाखान्यात होती. जगली.