कुत्र्याचे वार

पिसाळलेलं कुत्रं चावून मेलेला माणूस मी लहानपणी पाहिला होता. जव्हारात आमच्या मागच्याच आळीत तो राहत असे. घरच्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला की तो किंचाळे आणि ते किंचाळणं आमच्या माजघरापर्यंत येई. त्यामुळे वडिलांनी घरात कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हा आळीतल्या पोरांना कौतुक, आणि मी मात्र त्याच्या पाण्याच्या भांड्यावर डोळा ठेवून. ते लपालपा पाणी प्यायलं की माझ्या जिवात जीव येई.

वडील संस्थानच्या नोकरीत होते. वसुलीच्या कामाला खेडोपाडी हिंडत, आणि साखरशेतहून परतताना त्यांनी ते पिल्लू आणलं होतं. आमचं घर पक्कं शाकाहारी. त्याला रोज दूधभात, सकाळ-संध्याकाळ दूधभात. वर्षभरात तो अंगानं वाढला, पण केस गळायला लागले आणि मागचे पाय लटपटू लागले. वडिलांनी फिरतीवर चौकशी केली. तिकडे कुत्र्याला एकच एक खाणं कोणी घालत नाही. पावसाळ्यात खेकडे, सुगीनंतर नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, कधी सुकट, घरात जे शिजेल ते, असं त्यांना कळलं.

वडिलांना एखादी गोष्ट पटली की घरादाराची खैर नसे. ऐकलेल्या चार गोष्टींचं त्यांनी शास्त्रच करून टाकलं. सोमवारी भात, मंगळवारी ताकात कुस्करलेली नागलीची भाकरी, बुधवारी वरई, असे कुत्र्याचे वार ठरले. शिवाय पोषणासाठी वरून रोज काहीतरी घालायचं. कधी चमचाभर तूप, कधी हळद, आणि बाजाराच्या दिवशी एक अंडं. ते गोठ्यात वेगळ्या मडक्यात उकडायचं आणि त्याचं नाव आईसमोर काढायचं नाही. शेजारणी आईला विचारत, आज जावईबापूंना काय वाढलंत? आई फणकारे, पण तिनं कुत्र्याचा वार कधी चुकवला नाही. आणि खरं सांगायचं तर कुत्रा सुधारला. अंगावर तुकतुकी आली, पाय सुधारले, माझा धाकटा भाऊ त्याच्या पाठीवर बसू लागला. हळूहळू मीसुद्धा त्याचं पाण्याचं भांडं बघायला विसरले.

भाद्रपदातली एकादशी होती. वार नागलीचा, पण एकादशीला आमच्याकडे भाकरी भाजत नसत. आईनं ठरवलं, आज त्यालाही आपल्याबरोबर उपासाची वरई. कितीतरी दिवस ऊन पडलेलं नव्हतं. मागल्या सालच्या वरईला ओल लागून जरा कुबट वास येत होता. आईनं ती धुऊन धुऊन शिजवली आणि वर तूप घातलं. मुक्या जनावराचा घास आधी काढायची आमच्या घरची रीत. म्हणून पहिली वाढी कुत्र्याला गेली, आणि आई आमची पानं मांडायला लागली.

पानं मांडून व्हायच्या आतच परसात भांडं आपटल्याचा आवाज आला. कुत्रा थरथरत होता. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, पाय फाकले होते, हाक मारली तर भलतीकडेच बघत होता. वडिलांनी लांबून पाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. तो आला, पण मान इतकी हलत होती की तोंड पाण्याला लागेना. भांडं कलंडलं आणि तो मागे सरला.  मला मागच्या आळीतला तो माणूस आठवला.

तेवढ्यात आईला आठवलं. सकाळी धाकटा ओल्या पायरीवरून घसरला होता, गुडघा फुटला होता, आणि ते रक्त कुत्र्यानं चाटलं होतं.

वैद्यबुवा आले ते ओटीवरच थांबले. परसात यायला तयार होईनात. चावला का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही, जखम चाटली, आईनं सांगितलं. ते म्हणाले, लाळ रक्ताला लागली ना, तेवढं पुरतं. मुंबईला यावर सुया टोचतात असं त्यांच्या कानावर होतं. पण घाट पावसानं खचला होता, गाड्या बंद होत्या. आईनं धाकट्याला जवळ ओढलं.

वडिलांनी ओळखीच्या एका बंदूकवाल्याला बोलावून आणलं. कुत्रा आता कुशीवर पडून नुसता कापत होता.

"बाय, पोरांना आत ने," बंदूकवाला आईला म्हणाला. मग वडिलांकडे वळला. "मारू ना?"

वडिलांनी मान डोलावली. आईनं आम्हाला पोटाशी धरलं. तरी आवाज ऐकू आलाच.

त्यानंतर दिवेलागणीपर्यंत आईनं धाकट्याला मांडीवरून उतरू दिलं नाही. घटकाघटकाला ती त्याला पाणी पाजी आणि गिळताना त्याच्या गळ्याकडे बघत राही. त्याला पाण्याचा वैताग आला. भूक लागली म्हणून तो रडायला लागला, तेव्हा कुठे सगळ्यांना आठवलं की घरात कोणाच्या पोटात काही नाही. आईनं गार झालेली वरई वाढली. भूक कोणालाच नव्हती, पण धाकटा खातोय म्हणून आम्हीही खाल्ली.

थोड्या वेळानं धाकटा उठला आणि दोन पावलांत कोलमडला. त्याचे हात थरथरत होते. तोंडातून लाळ गळत होती. आईनं फोडलेला हंबरडा मी मरेपर्यंत विसरायची नाही. वडील त्याला उचलायला धावले, पण त्यांचेच हात इतके कापत होते की त्यांना तो धरवेना. मी उठायला गेले तर भिंती फिरायला लागल्या.

आई आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं स्वतःचे थरथरणारे हात दिव्यासमोर धरले.

"अहो, वरई," ती म्हणाली. "कुत्र्यानंही हीच खाल्ली होती."

आणि ती हसायला लागली. लाळ पुसत, भिंतीला टेकून, रडत रडत हसत होती. धाकट्याला काही होणार नव्हतं. मलाही आनंद झाला, माझे हात कापताहेत याचासुद्धा आनंद झाला. वडील तेवढे हसले नाहीत. ते परसाच्या दाराकडे तोंड करून बसून राहिले.

सकाळपर्यंत सगळ्यांचं कापणं थांबलं. एकेक करून आम्ही उठून बसलो. तोही उठून बसला असता.