खांबावरचं जाळं

उद्या सकाळी अकराला नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीसमोर मला माफी मागायची आहे. नाही मागितली तर सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी जाईल. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि या गेटवर लागलो. माफी कशाची, ते कळायला आधी लान्स नायक नेगी कळायला हवा.

मी सिग्नल्समध्ये होतो. पोस्टिंग हिमाचलात, सरहद्दीजवळच्या एका गावाच्या वर. दगडी घरं, जवाची शेतं, थंडीत रस्ता बंद. तिथल्या प्रत्येक धान्याच्या कोठीला वर एक झरोका असतो. तो कधीच बंद करत नाहीत. त्यातून घुबड येतं आणि उंदीर उचलून नेतं. आमच्याकडे घुबड छपरावर बसलं की आई हातात येईल ते फेकून हाकलायची. तिथल्या बायका त्याला जागा ठेवत.

आमच्या पोस्टवर उंदरांनी उच्छाद मांडला होता. आट्याची पोती फोडली, ते सोसलं. टेलिफोनची केबल कुरतडली तेव्हा कॅप्टनसाहेब भडकले. नेगी माझा लाइनमन, त्याच गावचा. त्याने रेशन स्टोअरच्या झरोक्याची जाळी काढून टाकली. थोड्या दिवसांत घुबड येऊ लागलं, उंदीर हटले. मग सकाळी हजेरी देताना नेगी मुद्दाम म्हणायचा, "सब हाज़िर, उस्ताद. एक उल्लू ऊपर." आम्ही सगळे हसायचो.

दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे लाइन डेड झाली. नेगी एका जवानाला घेऊन फॉल्ट शोधायला गेला. उजाडल्यावर रेडिओ सेटवर त्याचा आवाज आला.

"उस्ताद, खंभे पर किसी ने जाल बाँधा है. उल्लू फँसा है. तार उसी से टूटी. ओव्हर."

"लाइन जोड़ के वापस आ. ओव्हर."

"लाइन जोड़ दी. इसको छुड़ा के आता हूँ. आउट."

नंतर सेटवर आला तो सोबतच्या जवानाचा आवाज. "नेगी गिर गया, उस्ताद. नाले में."

जाळं कापताना बर्फावरून त्याचा पाय सरकला होता. खोल नाल्यातून वर काढला तेव्हा तो गेलेला होता. जाळं लावणारे दोघे खालच्या चेकपोस्टवर पकडले गेले. पोत्यात आणखी घुबडं होती, पाय बांधलेली. माल दिल्लीला चालला होता. लक्ष्मी घरात टिकावी म्हणून इथले काही पैसेवाले दिवाळीत घुबडाचा बळी देतात. लक्ष्मीचं वाहन कापायचं आणि वर लक्ष्मीलाच बोलवायचं! लाज कशी वाटत नाही?

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "लाइन जुड़ने के बाद वो ड्यूटी पर था, या चिड़िया छुड़ा रहा था?"

"ड्यूटी पर था, साब. खंभा हमारा था."

कागदावर शेवटी अपघात आला, ड्यूटी आली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात बी टॉवरमधल्या, आयटीतल्या एका पुणेकर साहेबांनी मला लिफ्टजवळ थांबवलं. "काका, तुम्ही पहाडात होतात ना? तिकडे कोणी ओळखीचं आहे का? एक उल्लू हवा होता, दिवाळीच्या आधी. पैशाचं टेन्शन बिल्कुल नको."

मी त्यांची कॉलर धरली. नेगीचं सगळं सांगून होईपर्यंत सोडली नाही. ऐकून ते म्हणाले, "एका पक्ष्यासाठी मेला, त्यात माझा काय दोष?" मग मी त्यांना भिंतीला दाबलं. ते सगळं कॅमेऱ्यात आहे.

उद्या जाईन. कॉलर धरली, हे कबूल करीन. माफी मागणार नाही, मग कमिटीने काय करायचं ते करावं.

नेगी सव्वीस वर्षांचा होता. त्याचं सामान घेऊन मी त्याच्या घरी गेलो होतो. आईने ट्रंक उघडली नाही. मला बसायला सांगून एवढंच विचारलं, "वो उल्लू छूट गया था न, बेटा?"

"छूट गया था, अम्मा."

तिने मान हलवली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठली. त्या बाईचा मुलगा गेला, आणि माफी मी मागू?