केळींच्या पलीकडचं बारसं

गिरीज गावच्या तुळशीदासाचा हात म्हणजे तराजू. केळ्यांचा लोंगर नुसता उचलायचा आणि सांगायचा, "साडेतेरा किलो." काट्यावर तो तेवढाच भरायचा. शाळा चौथीत सुटली, पण वाडीत पाणी कुठे मुरलं, कुठे अडलं, हे त्याला पानं बघून कळे. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू हातात घेतली की कळते, असा त्याचा समज. बायको प्रेमलता म्हणे, "मी तेवढी अजून कळायची राहिलेय."

दोन हजार नऊ सालची गोष्ट. त्याच्या मुलाला, केयूरला, तिकडे मेलबर्नला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे सलोनीचा. इतक्या लांब जाणार कोण? तेव्हा आत्याने इथूनच कॉम्प्युटरवर बाळाला बघत कुर्र करायचं, असं ठरलं. सलोनीने नावही ठरवलं, पण बापाला सांगेल तर शपथ! आणि बारशाला चार दिवस उरले असताना तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या.

प्रेमलतेला कांजिण्या कधी आल्या नव्हत्या, म्हणून सलोनीची रवानगी वाडीच्या टोकाला, विहिरीजवळच्या खोलीत झाली. इंटरनेटची तार पुढच्या घरात. मधे साठ-सत्तर पावलं नुसत्या केळी.

"फोनवरून सांग की नाव!" प्रेमलता मागच्या दारातून ओरडली.

"तोंड न बघता? मी आत्या आहे का रेडिओ?" सलोनी तिकडून.

तुळशीदासाने माणिकपूरला फ्रेडरिकचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं. त्याने बिनतारेचे डबे मांडले, राउटर म्हणतात त्यांना. तुळशीदासाने एकेक उचलून पाहिला आणि सगळ्यात जड तो घेतला.

"काका, हा काय लोंगर आहे?"

"हलकी वस्तू पोकळ असते रे बाबा."

घरी प्रेमलतेने डब्याला हळदकुंकू लावलं, फ्रेडरिकने तो जोडला, केयूरचा जुना लॅपटॉप सलोनीकडे पोचवला. बारशाच्या आदल्या दिवशी केयूरने बाळ दाखवायला घेतलं, तर सलोनीला दिसलं नुसतं कपाळ. तेही थिजलेलं. पुढे काही हलेना. पोरीने लॅपटॉप मिटला आणि भिंतीकडे तोंड केलं. "वहिनीच्या बहिणीला ठेवू दे नाव," म्हणाली. तुळशीदासाचा जीव तुटला.

फ्रेडरिक पुन्हा आला. वाडीत फिरला, एका केळीच्या खोडावर थाप मारून म्हणाला, "काका, ह्या आडव्या येतायत. लहरींना पाणी चालत नाही. पाणी गिळून टाकतं त्यांना."

तुळशीदास चमकला. केळ म्हणजे उभं पाणीच की! आणि आज सकाळीच त्याने सगळी वाडी शिंपून काढलेली.

"हा डबा लहरी सोडतो कशा? झारीसारख्या, का पाटासारख्या?"

फ्रेडरिक म्हणाला, "झारीसारख्या. चहूकडे."

"आणि पाटासारख्या सोडणारं नाही काही?"

होतं. एक चपटी अँटेना, तोंड करू तिकडेच लहरी फेकणारी. पण पापडासारखी हलकी. तुळशीदासाने ती हातावर घेतली, तोंड वाकडं केलं, आणि जन्मात पहिल्यांदा हाताचं ऐकलं नाही.

विहिरीपासून घराच्या मागच्या खिडकीपर्यंत पाण्याचा पाट सरळ आलेला, त्यावर झाड नाही. खिडकीत अँटेना बांधून तिचं तोंड पाटाच्या रेषेत धरलं. एकच पान आडवं येत होतं, ते कोयत्याने उतरवलं.

बारशाच्या सकाळी वाडीला पाणी दिलं नाही. अकरा वाजता तुळशीदास खोलीबाहेर, कोरड्या पाटाच्या कडेला उभा राहिला. समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एक चतुर त्या रेषेत तरंगत होता, त्याच्या पंखाला धक्कासुद्धा लागत नव्हता. आणि ह्याच हवेतून सातासमुद्रापलीकडची आपली नात येतेय? त्याने भीत भीत हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. पोर मधेच अडायची!

"अगं बाई, जांभई देतेय!" आतून सलोनी किंचाळली. मग आवाज एकदम खाली आला. "कुर्रर्र..." पुढचं ती पडद्याला ओठ लावून बोलली. बाहेर ऐकू आलं नाही. केयूर हसला, तिकडच्या बायकांनी पाळणा म्हणायला घेतला, ते मात्र सगळं वाडीत ऐकू आलं.

"बाबा, जाई! जाई ठेवलं! माझ्याकडेच बघत होती हो!"

मागच्या दारात प्रेमलता ताटकळलेली. "अहो, काय नाव ठेवलं? सांगा ना!"

तुळशीदासाने सांगितलं. ओरडून सांगायला हवं होतं, पण समोरच्या हवेतली पोर दचकेल म्हणून तो कुजबुजला.