आधी हात, मग पाणी

खुर्शीदा भडकली की आधी बोलत नाही, आधी हातातली बादली दाणकन खाली ठेवते. तो आवाज ऐकला की तिचा नवरा गफ्फार शिडीवरूनच म्हणतो, "झालं! आता कोनाची खैर नाई." गफ्फार घरं रंगवतो, आणि चंद्रपूरच्या त्या अंगाला त्याला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. पण रंगाच्या आधी भिंत धुवावी लागते, आणि ती गेली अठ्ठावीस वर्षं खुर्शीदा धुते, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. रंग टिकला तर गफ्फारभाईचा हात चांगला. पापुद्रे निघाले तर म्हणे बाईनं नीट धुतलं नसेल. घ्या!

लोकांना वाटतं, भिंत धुवायची म्हणजे काय, मारा पाणी आणि घासा. असं म्हणणाऱ्याला खुर्शीदा उभ्या उभ्या सोलते. भिंतीला पांढरा खार फुटला असेल तर पाण्याचा थेंब लावायचा नाही, कोरड्या ब्रशनं झाडायचा. पावसाळ्यानंतर काई, म्हणजे काळपट शेवाळ, धरली असेल तर ब्लिचिंगचं पाणी फवारायचं, तेही धानावर फवारतात त्या पाठीवरच्या पंपानं, हळूच, आणि मग थांबायचं. ब्लिचिंगला काम करू द्यायचं, आपण मध्ये कडमडायचं नाही. आणि नुसती धूळ असेल तर वरून खाली कोरडी झाडायची, मगच साबणाचं पाणी. धुळीवर आधी पाणी मारलं की ती भिंतीत मुरलीच म्हणून समजा. म्हणून भिंतीपुढे उभी राहिली की खुर्शीदा पहिल्यांदा तळहात फिरवून पाहते. आधी हात, मग पाणी, हा तिचा कायदा.

आणि हाच कायदा तिनं एकदा मोडला होता. नेमका गिरजाबाईच्या भिंतीबाबत.

गिरजाबाई रामटेके वस्तीतली वडीलधारी बाई. शाळेत खिचडी शिजवण्यात तिची उमर गेली. नवरा लहानू गवंडी होता. त्यानं सुट्टीच्या दिवशी एकेक पाटी वाळू आणून स्वतःच्या हातानं हे घर बांधलं, आणि घर पुरं झाल्यावर दोन वर्षांत गेला. चार वर्षांपूर्वी घराच्या पूर्वेला, रस्त्यापलीकडे, कोळशाची खाजगी रेल्वे सायडिंग झाली. ट्रकनं कोळसा येतो, ढीग पडतो, वॅगन भरतात. ढिगावर ना ताडपत्री, ना पाणी. गिरजाबाईची भिंत काळी, फळीवरची भांडी काळी, वाळत घातलेलं लुगडं काळं. रात्रंदिवस खोकून खोकून बाई अर्धी झाली. शेवटी तिनं नातीकडून, रश्मीकडून, अर्ज लिहून घेतला. ढीग झाका नाहीतर हलवा, एवढंच मागणं.

दोन वर्षं अर्ज ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. आता कुठे गुरुवारी तपासणीचे साहेब येणार होते. आणि रविवारी घरात रश्मीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. तेव्हा मंगळवारी सकाळी खुर्शीदा आपला पंप, बादली, ब्रश घेऊन भिंत पाहायला निघाली. गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच तिला मशीनची घरघर ऐकू आली.

गिरजाबाईच्या दारात गाड्या धुवायची प्रेशरची मशीन उभी होती. पाइप धरून दोन माणसं, आणि खुर्चीवर चहा पीत बसलेला धनराज, सायडिंगचा सुपरवायझर. गिरजाबाईच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"खुर्शीदा, पाह्य वो! सायडिंगवाले फुकट भिंत धुऊन देऊन राह्यले. पाव्हणे येनार हायेत म्हनून."

"फुकट?" खुर्शीदा म्हणाली. "आतापर्यंत ताडपत्री नाई सुचली, अन् आज भिंत धुवायचं सुचलं?"

"चाची, तुमचा धंदा बुडला म्हनून जळू नका," धनराज हसला. "काई हाय, मशीन लावली की पाच मिनिटांत साफ."

"ट्रक धुवाची मशीन हाय हे. चुन्या-वाळूचं जुनं पलस्तर हाय बाईचं. दाबानं मारशीन तं आरपार जाशीन!"

ऐकतो कोण? पाइपवाल्यानं खटका दाबला. पाण्याची धार खिडकीशेजारी बसली आणि बघता बघता ताटाएवढा पोपडा धाडकन सुटून खाली पडला. मागे लालभडक विटा. त्या विटा लहानूनं रचल्यानंतर पहिल्यांदाच उजेडात आल्या होत्या. "बापा! माह्या बुढ्याची भिंत!" गिरजाबाई अशी ओरडली, की पाइपवाला स्वतःच दचकला. खुर्शीदानं बादली आपटली, नळाकडे धावली आणि चावी बंद करून नळापुढे उभीच राहिली.

मग तिनं जे अठ्ठावीस वर्षं करत आली ते केलं. भिंतीवरून हात फिरवला. तळहात काळाकुट्ट. तिनं ब्लिचिंगचं पाणी कालवलं, घरामागच्या मोरीच्या भिंतीवर थोडं लावलं आणि सायडिंगकडच्या भिंतीवर थोडं. दहा मिनिटं कोणाला तोंड उघडू दिलं नाही. मोरीकडचा डाग पांढरा पडला. ती काई होती, जिवंत होती, मेली. सायडिंगकडचा डाग होता तसाच काळा. दगडाला कुठं मारता येतं?

"हे काई नाई," खुर्शीदा म्हणाली. "हा कोळसा हाय तुमचा. अन् गुरुवारी साहेबाले दिसू नये म्हनून धुवाले आले तुमी."

धनराजनं कप खाली ठेवला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचून दाखवला. सायडिंगनं गिरजाबाईच्या अर्जाला दिलेलं उत्तर. त्यात लिहिलं होतं, घरमालकिणीच्या निष्काळजीपणामुळे भिंतीला काई धरली आहे, आणि भिंत धुणाऱ्या स्थानिक कारागीर श्रीमती खुर्शीदा यांचेही तेच म्हणणे आहे.

"तुमीच सांगितलं होतं चाची. ह्या बाजूच्याच दारात. मी ह्या भिंतीकडे बोट करून इचारलं, हे काळं काय हाय? तुमी म्हनल्या, काई, दुसरं काय."

खुर्शीदाला आठवलं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घरी काम करताना हा पोरगा हसत हसत आला होता, आणि ती मान वर न करता, भिंतीला हात न लावता बोलून गेली होती. मेल्यानं ते तोंडातलं उचलून कागदावर नेऊन ठेवलं! अठ्ठावीस वर्षांत कोणी तिला कारागीर म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते म्हाताऱ्या बाईचा गळा कापायला. संतापानं तिला रडूच आलं, आणि त्या रडण्याचाही तिला संताप आला.

"खुर्शीदा," गिरजाबाई हळूच म्हणाली, "तू असं म्हनली होती?"

"म्हनली होती बाई. न पाहता म्हनली." एवढंच बोलून ती पंप उचलून घरी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. गफ्फार म्हणाला, जाऊ दे, मोठ्या लोकांशी आपण काय भांडायचं? त्यावर तिनं त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी साहेब आले. पांढरीशुभ्र गाडी सायडिंगच्या बाजूला कडुनिंबाखाली लावली. आधी धनराजच्या ऑफिसात तासभर चहा-नाश्ता, मग गिरजाबाईचं दार. साहेबांनी भिंतीकडे लांबूनच पाहिलं, कागद उलटले. "काई वाटते. कारागिराचं म्हणणंही सोबत जोडलंय."

"ते कारागीर मीच," खुर्शीदा पुढे झाली. "माहं म्हननं चूक होतं. मी भिंतीले हात न लावता बोलली. आता लावला. हा कोळसा हाय."

"बाई, तुम्ही काय तज्ज्ञ आहात का?"

"कागदावर लिहाले होती नं साहेब! खोटं लिहाचं तवा मी तज्ज्ञ, अन् खरं सांगाचं तवा मी कोन?"

वस्तीतली माणसं फिदीफिदी हसली. साहेबांचा चेहरा उतरला. "हे बघा, प्रयोगशाळेशिवाय असं काही सांगता येत नाही. भिंत जुनी आहे, ओल असते, काई धरते."

खुर्शीदानं हातातली बादली खाली ठेवली. गर्दीत उभ्या गफ्फारनं डोळे मिटले. पण ती साहेबांकडे गेलीच नाही, कडुनिंबाखालच्या गाडीकडे गेली. डोईवरची पांढरी ओढणी काढली आणि गाडीच्या बोनेटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच फिरवली. ओढणी घेऊन परत आली, सगळ्यांसमोर उलगडून धरली. मधोमध काळा पट्टा.

"गाडी तं नवी हाय साहेब," ती म्हणाली. "ओल बी नाई. तासाभरात हिले बी काई धरली का?"

धनराज चपलेनं माती उकरत राहिला. साहेबांनी खिशातला रुमाल काढला, स्वतःच्या कपाळावरून फिरवला आणि काळ्या पडलेल्या रुमालाकडे पाहिलं. शेवटी पेन मागितलं. काय लिहिलं ते गिरजाबाईनं रश्मीकडून मोठ्यानं वाचून घेतलं, तेव्हाच त्यांना जाऊ दिलं. काई नाही, कोळशाची धूळ आहे, ढीग पंधरा दिवसांत झाकावा.

गाडी गेल्यावर गफ्फार म्हणाला, "चल, लाग आता कामाले. रविवार तोंडावर आला."

"ढीग उघडा हाय तवरक मी भिंत धूत नाई," खुर्शीदा म्हणाली. "आज धुतली तं पंधरा दिवसांनी ते म्हनतीन, कुठी हाय कोळसा?"

"पन माह्या नातीचं साक्षगंध?" गफ्फारच्या आधी गिरजाबाईच बोलली. मग भिंतीकडे, त्या ताटाएवढ्या भगदाडाकडे तिनं पाहिलं. खोकली. "राहू दे काळी," ती म्हणाली.

रविवारी मांडव काळ्या भिंतीलाच टेकून उभा राहिला. पाहुणे आले, बसले, पाणी प्यायले. नवऱ्या मुलाचे मामा, नागभीडचे मास्तर, जरा नाक मुरडून म्हणाले, "पाव्हणे येनार म्हटल्यावर भिंत तरी धुवाची होती बाई. इतकी काळी काऊन?"

खुर्शीदानं घरची जुनी पांढरी चादर फाडून फडक्यांची चळत करून आणली होती. गिरजाबाईनं त्यातलं एक फडकं उचललं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

"सांगते नं भाऊ," ती म्हणाली. "आधी हात लावून पाहा."