साहेब उठले की सलामी

पितळी वाद्यांतून सूर निघतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यांतून थुंकीही निघते, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. ट्रम्पेटवाला दोन धुना संपल्या की वाद्याच्या पोटाशी असलेली एक छोटीशी चावी दाबतो, जोरात फुंकतो आणि आत साठलेलं सगळं जमिनीवर सोडतो. युफोनियम हे ट्रम्पेटचं थोरलं, ढेरपोटं भावंड. ते वाजवणाऱ्या मुलाच्या बुटांपुढे तर दर सरावाला एक डबकं साचायचं आणि तो त्याकडे कमाई पाहावी तसा समाधानाने पाहायचा. पहिल्या दिवशी ते दृश्य पाहिलं आणि मी डबा न उघडता घरी परत नेला.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. एका स्नेहसंमेलनात मी गाणं म्हटलं, ते पुरेसं सुरात लागलं, आणि संस्थेच्या सचिवांनी जाहीर केलं की मॅडमना संगीतातलं कळतं. झालं. बँड माझ्या गळ्यात. आधीचे बँडप्रमुख निवृत्त होताना माझ्या हातात कपाटाची किल्ली ठेवून म्हणाले, उघडताना श्वास रोखून धरा.

मी रोखला नाही, ही माझी चूक. त्या कपाटात बँडचे कोट होते. मरून रंगाचे, सोनेरी झालरीचे आणि लोकरीचे. नागपुरात लोकरीचे. धुतले तर झालर रंग सोडते म्हणून ते कधीच धुवायचे नाहीत, फक्त उन्हात टाकायचे, असा रिवाज होता. एका बॅचचा घाम दुसऱ्या बॅचला वारसाहक्काने मिळायचा. बगलांपाशी मिठाचे थरावर थर बसले होते. थर ओळखणं हा माझा विषय, त्यामुळे मला त्यांकडे दुर्लक्षही करता येईना.

आणि तरी सांगते, फुटबॉलच्या दिवशी हाच घाणेरडा बँड मैदानात उतरला की माझ्या अंगावर काटा यायचा. कॉर्नर मिळाला की बाजूचे ड्रम हळूहळू चढत जायचे, बॉल हवेत गेला की एकदम शांत, आणि गोल झाला की झांजा अशा आदळायच्या की झाडावरचे बगळे उठायचे. समोरची टीम ढेपाळली की मुलं मुद्दाम अंगाईच्या चालीवर ट्रम्पेट वाजवायची. आमच्या पोरी थकल्या की मोठा ढोल एकटाच सुरू व्हायचा, धम, धम, धम, आणि खरंच त्यांचे पाय उचलले जायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नाकाला रुमाल लावून का होईना.

आता आमच्या सलामीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. आमच्या कॉलेजात फार जुनी पद्धत आहे. बिगुलाचा एक लांब सूर निघाला आणि मागोमाग सलामीची धून सुरू झाली की आवारात जो जिथे असेल तिथे सावधान. प्राचार्य जिन्यात असोत की शिपाई चहाची किटली घेऊन असो. आलूबोंडा अर्धा तोंडात असेल तर अर्धा तोंडातच. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या अंगात ही सवय दिवाळीपर्यंत इतकी मुरते की सुट्टीत घरी कुठे बिगुल वाजला तरी ती ताठ होतात, असं त्यांच्या आया मला सांगतात.

त्या वर्षी मुलींची आंतरमहाविद्यालयीन फायनल आमच्याच मैदानावर होती. आमची गोलकीपर तिसऱ्या वर्षाला होती. हिंगण्याकडची, उंच, कमी बोलणारी, एनसीसीची कडक कॅडेट. विद्यापीठाच्या संघात गोलकीपरची एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी दोनच नावं होती, आमची ही आणि समोरच्या कॉलेजची. दोघीही त्या दिवशी एकमेकींसमोर उभ्या राहणार होत्या आणि निवड करणाऱ्या बाई मंडपात बसून पाहणार होत्या. आमच्या पोरीची ही शेवटची संधी होती. परीक्षा संपली की वडिलांनी तिच्यासाठी बुटीबोरीच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बोलून ठेवलं होतं. विद्यापीठाकडून खेळली तरच शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला जाऊ देईन, असं त्यांनी कबूल केलं होतं. ती मला सकाळी एवढंच म्हणाली, "मॅडम, आज फक्त बॉल दिसला पायजे. बाकी काही नाही."

बाकी काही नाही कसं? बाकी साहेब होते.

साहेब म्हणजे त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे, कुठल्याशा पदावरचे मोठे गृहस्थ. सचिवांना त्यांच्याकडून नव्या इमारतीची परवानगी हवी होती. आदल्या दिवशी सचिवांनी मला आणि बँडच्या कप्तानाला बोलावून बजावलं, "साहेब उठले का सलामी वाजलीच पायजे. एकदा चुकली तर त्यायचा मूड जाते."

मी विचारलं, ते पाणी प्यायला उठले तर?

"तरी सलामी."

आणि खेळ चालू असताना उठले तर? सचिवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खेळ नावाच्या एखाद्या फालतू गोष्टीचा उल्लेख केला होता.

बँडचा कप्तान हा गुणी मुलगा. सांगितलेलं शब्दशः करणारा. त्याने दुसऱ्या दिवशी मंडपातल्या सोफ्याकडे तोंड करून जागा घेतली, म्हणजे मैदानाकडे पाठ. संपूर्ण मॅचभर त्याचे डोळे साहेबांच्या बुडावर खिळलेले होते. बिचाऱ्याला मॅच बघताच आली नाही.

साहेब आले ते तोंडात खर्रा भरूनच. आमच्या नागपूरकरांना खर्रा काय ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटून घोटून जे होतं ते. गालात धरलं की माणूस मुका होतो आणि मानेनेच कारभार चालवतो. पांढऱ्या खोळीचा सोफा, समोर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी, शेजारी झळझळीत ट्रॉफी, आणि मध्ये हे फुगलेल्या गालाचे साहेब. गालावर एक तपकिरी ओघळ सुकलेला. मी त्यांच्या मागच्या खुर्चीत होते. मानेवरच्या पावडरीचा आणि चुन्याचा मिळून जो वास येत होता, त्यापुढे आमचे कोट म्हणजे चंदन.

पहिला हाफ कोरा गेला. आमच्या पोरीने दोन बॉल असे काढले की निवड करणाऱ्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. ढोल धमधमत होता, झांजा तयारीत होत्या, मी किळस विसरून उभी राहून ओरडत होते. दुसरा हाफ सुरू झाला. समोरच्यांचा हल्ला आला. बॉल आमच्या गोलासमोर, त्यांची फॉरवर्ड डाव्या बाजूने कापत आत शिरलेली, आमची पोर पुढे सरकून कोन बंद करतेय.

आणि साहेब उठले.

थुंकायला उठले हो. मंडपाच्या मागच्या कनातीकडे जायला. पण कप्तानाला बूड सुटलेलं दिसलं. त्याच्या हातातला बँडचा दंड वर गेला, बिगुलाचा लांब सूर निघाला, आणि आमच्या अकराच्या अकरा पोरी जागच्या जागी सावधान. टाचा जोडलेल्या, मुठी मांडीला, नजर समोर. गोलकीपर तर सगळ्यांत ताठ, कारण ती सगळ्यांत कडक कॅडेट. प्रेक्षकांतले आमचे लोक उभे. चहावाला उभा.

समोरच्या कॉलेजच्या पोरींना यातलं काय ठाऊक? त्यांची फॉरवर्ड क्षणभर गोंधळली. तिने आमच्या पुतळ्यांकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, शिट्टी काही वाजली नाही. मग तिने बॉल हलकेच, जवळजवळ ओशाळून, गोलात ढकलला. तो आमच्या पोरीच्या बुटाजवळून गेला.

इकडे साहेबांची वेगळीच पंचाईत. सलामी आपल्यासाठी आहे एवढं त्यांना कळलं आणि ते तसेच थांबले, हात कपाळाला लावून. तोंड तुडुंब. धून लांबलचक. गाल फुगत गेले, डोळे बाहेर आले, आणि तिसऱ्या ओळीला बांध फुटला. सोफ्याची पांढरी खोळ, प्लास्टिकची फुलं आणि ट्रॉफीचा एक कान. मला ओकारीही येत होती आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम दाबायला मला एकच रुमाल होता.

पंच आमच्याकडे आले. ते समजूतदार होते. सलामी वाजवण्याचा हुकूम आमचा होता आणि त्यामुळे खेळात अडथळा आला, असं आयोजकांनी स्वतः सांगितलं तर गोल रद्द करून बॉल पुन्हा टाकतो, असं ते म्हणाले. एक वाक्य हवं होतं. मी सचिवांकडे पाहिलं. ते साहेबांचा कुर्ता पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेबांचं नाव मधात नका आणू. पोरीनं गोल खाल्ला, संपला विषय."

खर्ऱ्याची किळस एका आंघोळीत जाते. या वाक्याची अजून गेलेली नाही.

मी पंचांना सांगितलं की हुकूम यांचाच होता, माझ्यासमोर दिला होता. पंच म्हणाले, मॅडम, तुम्ही बँडच्या, आयोजक हे आहेत. गोल कायम राहिला. निवड करणाऱ्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. आमची पोर जाळीतून बॉल काढून मधल्या रेषेकडे फेकत होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

शेवटची काही मिनिटं उरली आणि साहेब पुन्हा उठले. या वेळी निघायलाच. कुर्ता खराब झालेला, पुढे कुठे तरी लग्नही गाठायचं. कप्तानाने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मी दोन्ही हात हलवून नको म्हणाले, पण त्याच वेळी सचिव त्याच्या कानाशी "वाजव बे" म्हणून खेकसले. सूर निघाला.

यातली मेख अशी की समोरच्या पोरी आता शिकल्या होत्या. बिगुल ऐकताच त्यांची फॉरवर्ड हसली. हो, मी पाहिलं, हसली आणि बॉल घेऊन सुटली. आमच्या दहा पुतळ्यांमधून, जशी रिकाम्या वर्गातल्या बाकांमधून चालावी तशी. सगळं मैदान सावधान. आणि आमची गोलकीपर गोल सोडून धावत निघाली. धावता धावता ओरडली, "हला वं! खेळा! गेला तो सायेब!"

ती त्या फॉरवर्डच्या पायांवर अशी झेपावली की दोघी मातीत लोळल्या. धूळ खाली बसली तेव्हा बॉल तिच्या पोटाशी होता आणि मागे सलामी अजून वाजतच होती. आम्ही एका गोलाने हरलो.

मॅचनंतर निवड करणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. मी तिची बाटली घेऊन जवळच उभी होते. बाईंनी विचारलं, पहिल्या वेळी थांबलीस, दुसऱ्या वेळी का नाही?

"पहिल्या वेळी थांबून पाहिलं न मॅडम," ती म्हणाली. "कोणाचंच भलं नाही झालं."

संध्याकाळी कळलं, जागा हिचीच.

इथे गोष्ट थांबली असती तर मी आज एवढी वैतागून लिहायला बसले नसते. विद्यापीठाच्या शिबिराला पाठवायचं तर कॉलेजची संमती लागते आणि त्यावर सचिवांची सही. सचिव म्हणाले, हिने भर मैदानात साहेबांचा अपमान केला, आधी घरी जाऊन माफी मागा, मग सही. मी संतापून प्राचार्यांकडे गेले. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मी पोरीला म्हटलं, आपण जायचं नाही, विद्यापीठात तक्रार करू. तिने शांतपणे विचारलं की तक्रारीचा निकाल शिबिराच्या आधी लागेल का. लागणार नव्हता.

म्हणून आम्ही दोघी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते, गालात तेच. सचिव हात बांधून उभे. पोरीने सरळ उभं राहून सांगितलं की मैदानात मी जे बोलले त्याबद्दल माफ करा. साहेबांनी बगिच्याच्या पाटात पिंक टाकली, तोंड रिकामं केलं आणि सचिवांकडे वळले.

"कोणतं मैदान? काय झालतं?"

सचिवांनी फुटबॉल, ट्रॉफी, सलामी, सगळं सांगून पाहिलं. साहेबांना त्यातलं फक्त कुर्ता खराब झालेला आठवत होता. "बरं बरं, खेळ पोरी, चांगलं हाय," असं म्हणून त्यांनी, ज्या हाताने आत्ताच ओठ पुसले होते, तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला. ती हलली नाही.

सचिवांनी तिथेच गाडीच्या बॉनेटवर सही केली. फाटकाजवळ बगिच्याचा नळ होता. पोरीने कागद माझ्याकडे दिला, वेणी सोडली आणि डोकं धारेखाली धरलं. मागून माळी, काय करून राहिली, म्हणून ओरडला. तिने ऐकलंच नाही. ओल्या केसांतून पाणी पिळत तिने मला विचारलं, पर्समध्ये साबण आहे का.

नव्हता. मी रुमाल पुढे केला. तिने तो पाहिला आणि म्हणाली, राहू द्या मॅडम, आणि पुन्हा डोकं नळाखाली घातलं.