नंबराचा तुकडा

कात्री लावण्याआधी ते गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून फिरवायचे. बॅच नंबर कुठल्या टोकाला छापलाय ते बघायचे आणि दुसऱ्या टोकाकडून कापायचे. "गोळी पोटात जाऊ द्या, नंबर हातात ऱ्हाऊ द्या," हे त्यांचं रोजचं वाक्य.

औंढ्याच्या ज्या मेडिकलमध्ये मी काउंटरला आहे, तिथले ते फार्मासिस्ट. मी त्यांना काका म्हणायचे. तुम्हीही पाहिलंच असेल, आपल्याकडे अख्खं पाकीट कोण घेतं? दोन गोळ्या द्या, चार द्या, त्यातलीही एक शेजारणीला. गिऱ्हाईक परत आलं की काका आधी विचारायचे, "गोळी घेतल्यावर काई तकलीफ?" खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस बावरून जायचा. मी तोंडाला ओढणी लावून हसायचे.

त्या सोमवारी शिरड शहापूरची एक बाई आली. ओठ सुजलेले, अंगभर चट्टे. अंगदुखीची गोळी आमच्याकडूनच नेलेली. काकांनी तिला आधी सरकारी दवाखान्यात धाडलं. दुपारी दुसरी बाई आली, तसेच चट्टे. दोघींच्याही तुकड्यांवर नंबर नव्हता आणि आमच्या खणात दोन बॅचची पाकिटं मिसळलेली.

"हे कोन्ही कापलं?"

"मी."

"नंबराकडून काहून?"

गर्दी होती, घाई केली.

ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्या सगळ्या गोळ्या त्यांनी विक्रीतून काढल्या आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "पोरी, आठव. ह्याच पाकिटाच्या नंबराचा तुकडा कोन्हाला देला? ते माणूस अजून गोळ्या खाऊन राहिलं असंल. अन् तीच बॅच दुसऱ्या दुकानातबी असंल."

मला आठवायला दोन दिवस लागले. डोंगरकड्याचे एक आजोबा. जाताना पिशवीतली दोन केळी माझ्या हातावर ठेवून गेले होते.

काका मिळेल त्या एसटीने गेले. परतले तेव्हा तुकडा त्यांच्या खिशात होता. आजोबांच्या सुनेने तो उशीखालून काढून दिला होता. नंबर स्पष्ट होता आणि चारही गोळ्यांच्या जागा रिकाम्या.

"दारात मान्सं बसली व्हती," एवढंच ते म्हणाले.

"गोळीनंच गेले का, काका?"

"ते आपुन न्हाई ठरवायचं. आपुन लिवून धाडायचं."

औषधाने त्रास झाल्याचं सरकारला कळवायचा फॉर्म त्यांनी भरला. 'औषध कोणी दिलं' यापुढे स्वतःचं नाव लिहिलं. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. ती बॅच सगळीकडून परत मागवली गेली. चौकशी झाली. मालकाने काकांना काढलं, तरीही मी गप्पच.

पुढे मालकाला खरं सांगायचं ठरवलं आणि आधी काकांच्या कानावर घालायला त्यांच्या घरी गेले, तर त्यांना जाऊन महिना झाला होता. काकूंनी चहा दिला.

"तुमचं नाव लई घ्यायचे," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, ती पोरगी आता नंबराकडून कापायची न्हाई."